शेळीची घंटी

मुकुंदवाडीतल्या पाळणाघरांचे दर ऐकले, की मी पायात चपला सरकवून मुकाट बाहेर पडायची. शेवटी आमच्या गल्लीमागं शेळ्या पाळणाऱ्या मावशींनी माझ्या रांगत्या लेकाला स्वस्तात सांभाळायचं कबूल केलं. पहिल्याच संध्याकाळी ऑफिसातून त्याला न्यायला गेले, तर त्याच्या गळ्यात शेळीची घंटी!

मी भडकलेच. "मावशी, माझं पोरगं काय करडू आहे का?"

"करडू बरं, हाक मारली की येतं तरी. हे कुठं घुसलं ते घंटीबिगर कळत नाय."

मी रागारागानं घंटी सोडून त्यांच्या हातावर आपटली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि शांतपणे माझ्याच गळ्यात बांधायला घेतली.

"हे काय आता?"

"लेकरू दिसभर तुम्हालाच हुडकत होतं, ताई."