दादाची हमी मी दिली नाही

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची आणि वाकड्या अक्षराची माफी असावी. चौथीनंतर दुधाच्या हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही. पण उद्या माझी मुलगी विचारील, मामा आपल्याकडे का राहत नाही, तेव्हा मला तोंडाने सांगता येणार नाही.

माझा थोरला भाऊ कोर्टाच्या हुकमाने वेड्यांच्या दवाखान्यात आहे. शेजारच्या लहान मुलीला त्याने नको तिथे हात लावला. डॉक्टर म्हणाले, डोकं ठिकाणावर नाही. म्हणून तुरुंगाऐवजी दवाखाना. मधून मधून कोर्ट त्याचा अहवाल बघतं. गेल्या वर्षी अहवाल बरा आला. घरच्या कुणी हमी दिली, की याला सांभाळीन, याच्या हातून कुणाला इजा होऊ देणार नाही, तर त्याला सोडणार होते.

आई साताऱ्याहून आली ती हेच घेऊन. "बाप गेल्यावर त्यानंच तुला वाढवली. ह्या खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं? आन् आता लोकांच्या पोरींसाठी भावाला टाकतीस व्हय?"

सगळं खरं होतं. मी खाली बघत राहिले.

आमची खोली बोनकोड्याला, एकच. नवरा मार्केटला हमाल, मी दिवसभर लोकांच्या घरी पोळ्या करते. शाळा सुटली की मजल्यावरच्या सगळ्या पोरी आमच्याच दारात खेळतात. घरमालकीण तिथलीच, तिच्या नातीही त्यात. मी सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "आन गो तुज्या भावाला. पन तू कामाला गेलीस, का त्याच्यावर नजर कोन ठेवनार?"

बेलापूरला कोर्टाबाहेर दादाचे वकील म्हणाले, "ताई, तुम्ही बोलत नाही ते बरंच आहे. जज्जसाहेबांनी विचारलं की नुसती मान हलवा."

आत दादा उभा होता. केसांना तेल लावून भांग पाडला होता. माझ्याकडे बघून हसला. माझ्या लग्नात असाच हसला होता.

"यांची जबाबदारी घ्याल?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मोठ्याने बोला."

"नाही साहेब. मी दिवसभर कामाला. दारात पोरी खेळतात. खोटी हमी मी देणार नाही."

"ताई, अहो..." वकील पुढे झाले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. दादा परत दवाखान्यात गेला.

बाहेर आई म्हणाली, "जन्मभर मुकी, आन् तोंड फुटलं ते भावावर! त्याचं डिपॉझिट दे आधी."

"देईन," मी म्हटलं.

त्याच आठवड्यापासून संध्याकाळी मार्केटच्या हमालांसाठी भाकऱ्या थापायला लागले. त्यातले पैसे आईला पाठवायचे. सुट्टीला दादाला भेटायला जायचे, शेंगदाण्याचे लाडू घेऊन.

"पुढच्या तारखेला काय म्हनशील गं?" तो एकदा म्हणाला.

"तेच म्हणेन, दादा."

त्याने हातातला लाडू संपवला.

या दिवाळीला आई आली. भाऊबीजेच्या दिवशी आम्ही दोघी दादाकडे गेलो, मी त्याला ओवाळलं. परत आल्यावर डिपॉझिटचे उरलेले पैसे आईच्या हातात ठेवले. तिने मोजून कनवटीला लावले.

"फिटलं बाई," ती म्हणाली.

डिपॉझिट पूर्ण फिटलं.