चहाच्या खोक्यातली पिल्लं

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा मला बंगाली येत नव्हतं आणि कोंबडी मी फक्त लांबून पाहिलेली होती. दोन्हींचं शिक्षण एकाच हिवाळ्यात झालं.

बालीगंजमधल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. विधवा, पांढरी साडी, आवाज खणखणीत, आमच्याशी बोलणं मोडक्या हिंदीत. मुलगा दुर्गापूरला कारखान्यात होता. सगळे त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे, पण उच्चार माशीमा असा, त्यामुळे पहिले काही दिवस हाक मारताना मला हसू आवरायचं नाही. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती: मासे आणा, बदकाची अंडी आणा, पण मुरगी किंवा तिचं अंडं या घरात चालायचं नाही.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून. आत नुसता चिवचिवाट. ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने सरकारी केंद्रातून नुकती उबवलेली, पिवळीधमक डझनभर पिल्लं मिळाली होती.

"अहो, मासीमांना काय सांगणार?"

"गच्ची म्हणजे काही घर नव्हे," हे म्हणाले. "आणि तू काळजी करू नकोस. आमच्याकडे कुडाळला अंगणभर कोंबड्या असायच्या. मला सगळं ठाऊक आहे."

कुडाळला ते सगळं कोंबडीच करायची, हे आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत कळून चुकलं. पिल्लांना पंखाखाली घेणं, दाणे दाखवणं, सगळं तीच. इथे कोंबडी नव्हती. तेव्हा ते काम आमच्याकडे आलं.

ह्यांनी बाजारातून चहाचं रिकामं लाकडी खोकं आणलं, तळाला वर्तमानपत्र घातलं आणि वरून बल्ब सोडला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकायला लागले, म्हणून मी कागद काढून तरट अंथरलं. बल्ब इतका खाली होता की पिल्लं चोची उघड्या टाकून कोपऱ्यांना चिकटली. वर घेतला तर सगळी मधोमध एकमेकांच्या अंगावर चढली. शेवटी आम्ही दोघं खोक्याशेजारी बसून दोरी जराशी वर, जराशी खाली करत राहिलो, आणि पिल्लं खोकंभर पांगून निवांत दाणे टिपायला लागली तेव्हा गाठ मारली. पाण्याच्या बशीत पडून भिजू नयेत म्हणून तिच्यात गोट्या टाकल्या.

तरी दोन दिवसांनी सकाळी एक पिल्लू बाजूला उभं दिसलं. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. शी करायला जोर करत होतं आणि केविलवाणं ओरडत होतं. उचलून उलटं केलं तर मागे शी वाळून गोळा चिकटलेला. वाटच बंद.

"थांब, ओढून काढतो," हे म्हणाले.

"नको! कातडी निघेल!" मी ओरडले.

मी ओरडले, पिल्लू ओरडलं, ते ऐकून बाकीची ओरडली. मासीमा त्याच वेळी डाळीच्या वड्या वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. ताट हातात घेऊन त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खोकं पाहिलं, बल्ब पाहिला, ह्यांच्या हातातलं उलटं पिल्लू पाहिलं. आता नवीन जागा शोधावी लागणार, अशी माझी खात्रीच झाली.

"ओढू नकोस," त्या ह्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बौमा, पाणी कोमट कर." बौमा म्हणजे सूनबाई. त्यांनी मला तसं पहिल्यांदाच म्हटलं.

त्या पूर्व बंगालातल्या. माहेरी तळं होतं आणि बदकं होती, आणि लहानपणी बदकाची पिल्लं त्यांच्याकडेच असायची. हे मला नंतर समजलं. तेव्हा त्यांनी फक्त स्टूल ओढून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि तिथून हुकूम सोडायला सुरुवात केली. कापूस कोमट पाण्यात बुडव. धरून ठेव. घाई नको, भिजू दे. मऊ झालं की आपोआप सुटेल.

मी कापूस लावून धरला. थोड्या वेळाने मला पोटाकडे आणखी एक काळी खपली दिसली. मी तीही भिजवायला लागले.

"अगं, ती बेंबी आहे!" मासीमा स्टुलावरून अर्ध्या उठल्या. "तिला हात लावशील तर मरेल!"

अखेर गोळा सुटला, आणि त्याच क्षणी पिल्लाने एवढा वेळ साठवलेलं सगळं ह्यांच्या ऑफिसच्या शर्टावर मोकळं केलं. मासीमा इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग पिल्लाला फडक्याने कोरडं केलं, मागे बोटभर खोबरेल तेल लावलं आणि उबेला सोडलं. दुपारपर्यंत ते इतरांचे दाणे पळवत होतं.

"पहिल्या दिवशी भाजलंत ना त्यांना? फार ऊब लागली की शी अशी वाळते." मासीमांनी विचारलं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

त्यानंतर हे रोज टाय बांधून झाल्यावर एकेक पिल्लू उलटं धरून तपासणी करायचे आणि मगच ट्राम पकडायला जायचे. आणखी दोघांना तोच त्रास झाला, पण तोवर माझा हात बसला होता.

त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. एका संध्याकाळी गेली ती येईचना. हे ऑफिसातच अडकलेले. खोकं गार पडायला लागलं तशी पिल्लं एकमेकांना चिकटून रडू लागली. मी स्टोव्हवर पाणी तापवून बाटल्यांत भरत होते, तेवढ्यात जिन्यावर कंदील दिसला. मासीमा आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी घेऊन धापा टाकत वर आल्या होत्या. आम्ही पिशवी आणि बाटल्या तरटात गुंडाळून खोक्यात ठेवल्या. एक पिल्लू मात्र थरथरत बाहेरच राहिलं. मासीमांनी क्षणभर पाहिलं, मग वाकून ते उचललं आणि शालीत घेतलं.

"मासीमा, मुरगी आहे ती," मी हळूच म्हणाले.

"मुरगी कुठे? पिसं फुटली आहेत का? हे अजून पिल्लू आहे," त्यांनी मला झटकलं.

वीज येईपर्यंत त्या कंदिलाच्या उजेडात मला माहेरच्या तळ्याबद्दल बंगालीतच सांगत राहिल्या. माझं बंगाली खरं तर त्या संध्याकाळी सुरू झालं. ते पिल्लूही जगलं.

पुढे पिसं फुटली, आणि मासीमा शब्दाला जागून पुन्हा उंबऱ्याबाहेरच्या स्टुलावर गेल्या. "आता झाली मुरगी," असं त्यांनी जाहीर केलं. कोंबडे पहाटेच आरवायला लागल्यावर शेजाऱ्यांनी कुरकुर केली, तेव्हा ते सहकाऱ्याच्या गावी पाठवले. पाच कोंबड्या गच्चीवर राहिल्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी अंडी द्यायला लागल्या.

एका रविवारी मासीमांचा मुलगा आला होता. त्याला वर बोलावून मी आमच्या स्टोव्हवर कांदा-मिरची घालून आम्लेट केलं. त्याने घाबरत आईकडे पाहिलं. मासीमा दाराबाहेर उभ्या होत्या, पदर नाकाला लावून.

"खा," त्या म्हणाल्या. त्याने ताटली पुसून खाल्ली.

"बौमा," मासीमांचा आवाज आला, "त्याला अजून एक दे."