संडासाचं दार

व्यवस्थापकानं मला काखेत धरून व्हीलचेअरवरून उचललं आणि संडासाच्या फरशीवर टाकलं. सिमेंटचं पोतं टाकतात तसं. डोकं नळावर आपटलं.

"लवकर उरक. पाहुणे थांबलेत. फोटो राहिलेत."

कारखान्यात लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा अंगावर आला, दोन्ही पाय मांडीपासून कापले. मावळातल्या आमच्या घराला दगडी पायऱ्या. म्हणून लोणावळ्याजवळच्या या नव्या घरात आले. अपंग बायांनी एकत्र राहायचं घर. आम्ही चौघी. बांधणारे साहेब बंगले विकणारे. पुढं गुळगुळीत उतार, स्टीलचा कठडा. फोटोत झकास. आत संडासाचं दार अरुंद, व्हीलचेअर शिरतच नाही. त्यात उंबरा. रोज सरपटत जायचं. दुसरीच्या मुतातून. त्याच हातानं भाकरी खायची.

त्या दिवशी फोटोची घाई म्हणून व्यवस्थापकानं उचलून टाकलं; परत न्यायला तो येईल म्हणून मी वाट बघितली नाही. ओल्या साडीनिशी सरपटत थेट हॉलमध्ये साहेबांसमोर गेले. पाहुण्यांनी पाय मागं घेतले.

"सायेब, दार रुंद करा. खुर्ची आत जात न्हाई."

साहेब हसले. "फुकट राहता, वर दार पाहिजे? तुमच्या लोकांना कितीही द्या, हात पसरलेलाच."

तुमच्या लोकांना. म्हणजे अपंगांना, का आमच्या बौद्धवाड्याला? मला दोन्ही ऐकू आलं.

व्यवस्थापक मला दंडाला धरून फरफटत न्यायला लागला. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. त्यानं कानफटात मारली.

आमच्या चौघींतल्या सुमनमावशीला दिसत नाही. ती ओरडली, "कोन मारतंय तिला? कुटं हाय त्यो?" त्यानं शिवी दिली. आवाजाच्या रोखानं तिनं काठी घातली. तो खाली बसला.

बागेत माळ्याची पहार होती. मावशीनं चाचपडत आणून दिली. मी संडासाच्या दाराशी जमिनीवर बसून उंबऱ्यावर घाव घातले. कपच्या कपाळात घुसल्या. उंबरा फुटला. मग चौकट. पाहुणे गाड्यांकडं पळाले.

साहेब दारात आले. "गुडघे टेकून माफी माग. नाहीतर चौघीही चालत्या व्हा."

"गुडघे त्या पत्र्याखाली राहिले, सायेब. आन् चालती कशी हुनार?"

त्यांनी पोलीस बोलावले. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. वडगावच्या कोर्टात तारखा चालू आहेत. घर आम्ही सोडलं नाही. परवा साहेबांचा माणूस आला. शेजारी असंच दुसरं घर बांधायचंय म्हणाला, तुम्ही गप्प राहा.

त्याला सांगितलं. नकाशा काढताना आम्ही चौघी समोर असणार. आम्हाला न विचारता एक भिंत जरी उभी केलीत, तर ती पाडू.