तिसरी पुडी

हळकुंडे अर्धा शेर, दोन आणे. कापूर एक तोळा, एक आणा. कुंकू पावशेर, दीड आणा. पंचवटीतल्या गणपतशेटांच्या दुकानातून त्या दिवशी आलेले सामान एवढेच. नेहमीचे कुंकू चार आणे पावशेर पडे. हे स्वस्त मिळाले म्हणून मी खूश होते. श्री. दामोदरपंत खांबेकर यांची नि माझी ओळख या कुंकवानेच करून दिली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथाच्या मंडळींनी फार आग्रह केला म्हणून लिहिते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, चूकभूल पोटात घालावी.

ते कुंकू लावू लागल्यावर आठवड्यात कपाळ चुरचुरू लागले, मग फोड आले. मला वाटले, देवीच्या कुंकवात मी काटकसर करायला गेले, त्याचाच हा कोप. म्हणून कुंकुमार्चन केले, आणि प्रसाद म्हणून तेच कुंकू दुप्पट लावले! जखम चिघळली. वैद्यबुवा म्हणाले, "महिनाभर कुंकू बंद." यजमान समोर धडधाकट बसलेले, आणि मी मोकळ्या कपाळाने चारचौघींत वावरू? मी लावतच राहिले. रोज सकाळी बोट टेकवताना डोळ्यांत पाणी येई.

पंत तेव्हा म्युनिसिपालिटीचे आरोग्य निरीक्षक होते. भेसळीच्या कायद्याखाली दुधातुपाचे नमुने घेणे हे त्यांचे काम. एके सकाळी आमच्याच दारात त्यांनी गवळ्याला थांबवले. दूध तीन बाटल्यांत भरले, तिन्हींवर लाखेचे शिक्के मारले. एक गवळ्याला दिली, एक स्वतःपाशी ठेवली, तिसरी मुंबईला तपासणीसाठी. "उद्या मीच खोटा निघालो, तर तुमची बाटली तुमच्या हातात आहे," असे त्यांनी गवळ्याला समजावले. ज्याच्यावर संशय, त्याच्याशी इतक्या अदबीने बोलणारे अधिकारी मी तोवर पाहिले नव्हते.

निघताना त्यांची नजर माझ्या कपाळाकडे गेली. "वहिनी, कुंकू जरा दाखवता?"

ओल्या पांढऱ्या फडक्यावर त्यांनी चिमूटभर टाकले. गुलाबी डाग सरसर पसरला.

"यात हळद नावालाही नाही. हा कापड रंगवायचा रंग. देवी कशाला कोपेल तुमच्यावर?"

"मग धरा ना दुकानदाराला!"

"कायद्यात दूध आहे, तूप आहे. कुंकू नाही, वहिनी." पंतांनी मान खाली घातली. "पण तुम्ही कपाळ मोकळे ठेवू नका."

संध्याकाळी त्यांच्या पत्नी, माई, घरी केलेले हळदीचे कुंकू द्रोणात घेऊन आल्या. जखम सोडून जरा वर, अगदी हलक्या बोटाने, त्यांनी स्वतः मला लावले. त्या दिवशी चुरचुरले नाही.

इकडे पंतांनी गणपतशेटांकडून तेच कुंकू विकत घेऊन रीतसर तीन पुड्या केल्या, शिक्के मारले, एक शेटांना दिली. शेट हसले, "साहेब, कुंकू कोण तपासणार हो मुंबईत?"

"बघतो," एवढेच पंत म्हणाले. तिसरी पुडी त्यांनी घरी फोडली आणि रोज अंघोळीनंतर तिचाच टिळा लावू लागले. माई अबोला धरून बसल्या, तरी ऐकले नाही.

दहाव्या दिवशी मी दुकानात वाती घेत होते, तो पंत आले. कपाळावर माझ्यासारखेच फोड.

"शेट, तिसरी पुडी इथे तपासली."

गणपतशेटांनी ते फोड जवळून पाहिले. मग आत हाक मारली, "अगं, तू कुठलं कुंकू लावतेस?"

"दुकानातलंच की! दुसरं आणायला तुम्ही पैसे देता होय?"

शेटांनी कुंकवाचा डबा उचलला आणि मागच्या खड्ड्यात पालथा केला. ना खटला, ना दंड.

पंतांच्या कपाळावर तो डाग अजून आहे. ग्रंथातल्या फोटोत तो पुसू नये, ही छापखान्याला विनंती.

तेव्हा पंत म्हणाले होते, "एक दिवस कुंकूही कायद्यात येईल, वहिनी. आले की आधी तुम्हाला कळवीन." आता त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. तो दिवस त्यांनी ठणठणीत प्रकृतीने पाहावा, आणि त्यानंतरही माईंच्या हातचे कुंकू आम्हां साऱ्याजणींच्या कपाळी वर्षानुवर्षे लागावे, एवढे देवीपाशी रोज मागते.

आपणांपैकी जे कोणी मुंबईस कायद्याच्या कामात आहेत, त्यांनी कुंकवाचे कुठवर आले ते मला उलट टपाली कळवावे. या खेपेस पंतांना आधी मी सांगणार आहे.