एकविसावा दिवस उलटलेल्या अळ्या

“वैशालीताई, आज सत्ताविसावा दिवस. अजून खातायत.”

सायलीने डबा माझ्यासमोर ठेवला. आमच्या पतंगांच्या अळ्या एकविसाव्या दिवशी खाणं सोडतात आणि कोष करतात. या अळ्या करंगळीएवढ्या जाड झाल्या होत्या. खोलीत एवढी शांतता होती, की त्यांचं कुरतडणं ऐकू येत होतं.

मागच्या दशकातली गोष्ट. म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत मी कीटक-पालन विभागाची प्रमुख होते. शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी अळ्या वाढवून द्यायच्या. थोडक्यात, पाळणाघर. सायली सांगलीची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. एका झाडाच्या अर्काने अळ्यांची वाढ लांबते, हा तिचा विषय. तिचं कॉन्ट्रॅक्ट चार महिन्यांनी संपत होतं आणि व्हिसा त्यालाच बांधलेला.

“मग चांगलंच आहे की! तुझा अर्क काम करतोय.”

“ताई, हा अर्क न दिलेला डबा आहे.”

मी डबा ओढून घेतला. एक अळी उघडली, आतला थेंब काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आत अळीचं असं फारसं काही उरलंच नव्हतं. चकाकणारे, लांबट गोल दाणे खच्चून भरलेले, धुतलेल्या तांदळासारखे, सगळे एका मापाचे. हे एका परजीवीचे बीजाणू. कोल्हापूरकडे रेशीम केंद्रात नोकरीला होते तेव्हा यांना चांगलं ओळखायचे. तिथे या रोगाला पेब्रिन म्हणतात. इथला परजीवी त्याचाच भाऊबंद.

हा परजीवी अळीच्या पेशींच्या आत राहतो. आमच्याकडचा जरा जास्तच हुशार होता. अळी खाते तोवर याला खायला मिळतं, म्हणून तो तिला मोठं होऊच देत नाही. ‘तू अजून लहान आहेस’ असा निरोप तिच्या शरीरात फिरत राहतो. ती कात टाकते, फुगते, पुन्हा खायला लागते. बाहेरून बघाल तर दृष्ट लागावी अशी.

रोग थोडा असला तर अळी उशिरा का होईना, कोषात जाते. तिचा पतंग होतो, तो अंडी घालतो आणि अंड्यांच्या आत हे दाणे असतात. म्हणून रेशीम केंद्रात प्रत्येक मादी अंडी घालून झाली, की खलात कुटून तपासायचो. जर्मनीत मी ते सोडून दिलं. पतंग सर्टिफिकेटसकट आले होते, मग कशाला एवढा उपद्व्याप?

माझी वही उघडली. दोन वर्षं, दर पिढीला, माझ्याच अक्षरात: ‘पुढच्या पैदाशीसाठी सगळ्यात मोठ्या निवडल्या.’

मी सगळ्या खोल्यांमधून फिरले. पावलांची चाहूल लागली की अळ्या डोकी वर करतात. एरवी मला त्याचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी शेकडो डोकी एकदम वर झाली आणि मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बॉसने बोलावलं. सायली शेजारीच बसली होती, चेहरा उतरलेला.

“आल्झो, फ्राऊ शिंदे, रोग एक तर तुमच्या विभागातून आला, नाही तर हिच्या हातून. विभागातून आला असेल तर मुदतवाढ मागता येईल. हिचा निष्काळजीपणा असेल, तर नाही.” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “हिचा ब्रश एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला असेल, नाही का?”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. ती वही माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. सायली आपल्या हातांकडे बघत होती. आपलाच ब्रश फिरला असेल, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

मी वही टेबलावर ठेवली. ती मराठीत होती, त्यामुळे एकेक ओळ वाचून सांगावी लागली.

“गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, एवढंच बॉस म्हणाला.

अळ्यांचे सगळे डबे ऑटोक्लेव्हमध्ये गेले, म्हणजे प्रयोगशाळेच्या मोठ्या कुकरमध्ये. सायलीला सहा महिने मिळाले. माझं प्रमुखपद गेलं. पुढे कित्येक दिवस रिकाम्या खोल्यांमध्ये मला कुरतडण्याचा आवाज येत राहिला. वेगळ्या ठेवलेल्या कोषांतून पतंग निघून अंडी घालायचे; मी खल घेऊन बसायचे आणि एकेक मादी कुटायचे. फार थोड्या स्वच्छ निघाल्या. त्यांच्याच अंड्यांपासून नवी पैदास सुरू केली. अर्काने वाढ खरंच लांबत होती, पण दोनच दिवस. सायलीने तेवढंच लिहिलं आणि डॉक्टर झाली.

आता आमच्या अळ्या बारीक असतात आणि एकविसाव्या दिवशी मुकाट्याने कोषात जातात. नवीन आलेलं कुणी एखादी गुबगुबीत अळी कौतुकाने दाखवायला आणतं. मी कौतुक करते आणि सगळ्यात आधी तीच उघडून बघते.