सभेच्या दिवशी आवणी

पदराचं टोक कमरेला खोचायचं, दोन्ही हात मागे बांधायचे आणि म्हणायचं, “बघू, कोण दमतं आधी.”

बैल चिखलात बसला तरी हेच. तलाठी साहेब जागेवर नाहीत असं कळलं तरी हेच. मग ती तिथेच दाराशी फतकल मारून बसायची. साहेब मागच्या दाराने गेले तर ती मागच्या दाराशी. शेवटी साहेबच दमायचे. अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमचं काही खरं नाही.

शाळेत मी फार गेलो नाही. लिहिताना इकडचं तिकडं होईल, पण जे लिहितो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. कोणाला खोटं वाटलं तर रानशेतच्या अलीकडे आमचा पाडा आहे, यावं आणि विचारावं. बाईचं नाव मात्र लिहीत नाही. आमच्यात तिला सगळे काकी म्हणायचे. मी वयाने मोठा, म्हणून मी बाय म्हणायचो.

वाणगावच्या बाजारात ती भाजी घेऊन बसायची. खाली अंथरायला निवडणुकीचा जुना बॅनर. त्याच्यावर एका पुढाऱ्याचं हात जोडलेलं भलंमोठं तोंड, आणि तोंडावर वांगी. एकदा त्या पक्षाचा पोरगा भडकला. “ओ मावशी, साहेबांच्या तोंडावर वांगी ठेवता?”

“अरे, साहेब रस्त्यात पावसात भिजत पडले होते. मी उचलून आणले. आधी पाच वर्षांनी यायचे, आता दर बाजाराला येतात. वांगी घेतोस का?”

पोराने वांगी घेतली.

तेव्हाचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. अजूनही तेच आहेत. सकाळी एका पक्षात असलेला माणूस रात्री दुसऱ्या पक्षात जेवायला बसलेला. टीव्ही लावला की आरडाओरडा. त्याचं पाणी आमच्या पाड्यापर्यंत आलं. एका घरावर एक झेंडा, शेजारच्या घरावर दुसरा. सख्खे भाऊ एकमेकांच्या हळदीला जाईनात. मी तिला म्हणायचो, “बाय, आता काही राहिलं नाही. आपल्याला कोण विचारतो?”

ती म्हणायची, “दादा, तू टीव्हीसमोर बसतो म्हणून तुला असं वाटतं. शेतात ये. तिथे सगळं हाय.”

मी काही ऐकणारा माणूस नाही. मी टीव्ही बंद केला नाही.

आमच्या पाड्याची एक रीत आहे. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मजूर लावत नाहीत. आज एका घराची आवणी, उद्या दुसऱ्या घराची. सगळा पाडा एकाच शेतात उतरतो. ज्याचं शेत त्याने सगळ्यांना भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण घालायचं. कोणाची पाळी कधी, हे काकी ठरवायची. तिचा शब्द कोणी मोडत नसे. एक लखमा सोडून. निवडणुकीत तो सरपंचाच्या झेंड्याखाली गेला आणि पाळीतून बाहेर पडला. म्हणाला, तुमच्या पक्षाचे हात मला माझ्या शेतात नकोत.

आमच्या मागच्या टेकडीवर झरा आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात, तो आटत नाही. ती टेकडी दगडाच्या खाणीला द्यायचं घाटत होतं. कंत्राटदाराची गाडी सरपंचाच्या दारात उभी राहायला लागली. खाणीला ग्रामसभेचा ठराव लागतो. सभेची नोटीस लागली ती ऐन आवणीतली. सरपंचाचा हिशोब असा, की सगळे आपापल्या शेतात वाकलेले असणार, सभेला येणार कोण? आपली चार माणसं हात वर करतील, झालं.

पण सरपंच रस्त्याकडेच्या बंगल्यात राहायला गेला होता. त्याची आवणी मजूर करायचे. पाड्याची पाळी तो विसरला होता. आम्ही विखुरलेले नसतो, एकाच जागी असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

काकीच्या आलं. पंचायतीच्या आवाराला लागून भाताचं खाचर कोणाचं? लखम्याचं.

सभेच्या दिवशीची पाळी खरं तर माझी होती. आदल्या दिवशी काकी माझ्याकडे आली. “दादा, तुझी पाळी मागे टाकते.”

“आणि कोणाची लावणार?”

“लखम्याची.”

“त्याने बोलावलंय?”

“नाय.”

मी म्हणालो, तुझं डोकं फिरलं. मी येणार नाही. तरी तिच्या मागे लखम्याच्या अंगणापर्यंत गेलो. तो तिला काय बोलतो ते ऐकायचं होतं.

लखमा ओट्यावर होता. ती म्हणाली, “उद्या तुझी आवणी. सकाळी रोप खणायला येतो सगळे.”

“मी बोलावलं का तुम्हाला?”

“रोप पिवळं पडाया लागलंय तुझं. बायको एकटी किती वाकेल? पक्ष येणार हाय का चिखलात उतरायला? ये म्हणावं, मी त्याला पण पाळी देते.”

लखम्याची बायको आत चुलीपाशी होती. ती बाहेर न येताच म्हणाली, “काकी, बोंबील आहेत घरात.”

लखमा मान खाली घालून बसला. काकी उठली, पदर खोचला आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा लखम्याच्या खाचरात उतरला, मी पण उतरलो. मला वगळून काही घडलेलं मला चालत नाही. पाऊस पडत होता. सरपंच आला, बांधावरून आम्हाला बघितलं आणि खुशीत म्हणाला, “चालू द्या, चालू द्या. काम महत्त्वाचं.”

आत पंचायतीत ग्रामसेवकाने ठराव वाचायला सुरुवात केली. खिडकी उघडी होती, आवाज शेतापर्यंत येत होता. टेकडीचं नाव निघालं तशी काकी सरळ झाली. हातातली रोपाची मूठ तिने पाण्यात उभी केली. तिच्या मागे सगळे सरळ झाले. कोणी घोषणा दिली नाही, कोणी धावलं नाही. डोक्यावर पानांची इरली, कोणाच्या अंगावर प्लास्टिकचे कागद, गुडघ्यापर्यंत चिखल. तसेच निघालो.

दारात शिपाई आडवा आला. “ओ, नवीन फरशी आहे! पाय धुऊन या.”

काकी म्हणाली, “बाबा, पाय धुवायचं पाणी त्याच टेकडीवरून येतं. ती राहू दे आधी, मग रोज धुऊ.”

शिपाई आमच्यातलाच. तो हसला आणि बाजूला झाला.

सभागृह भरलं, व्हरांडा भरला, माणसं पावसात उभी राहिली. सरपंच म्हणाला, “ठराव वाचून झाला आहे, आता—”

“आम्हाला ऐकू नाय आला,” काकी म्हणाली. “परत वाचा.”

परत वाचला. विरोधात कोण, विचारलं. चिखलाचे हात वर गेले. बायांचे, म्हाताऱ्यांचे, या झेंड्याचे, त्या झेंड्याचे. माझाही गेला, आणि मी तो चांगला ताठ ठेवला.

लखमा दाराशी उभा होता, हात खाली. सरपंचाने त्यालाच हाक मारली. “लखमा, तू आपला माणूस ना?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. लखम्याने एकदा खिडकीतून आपलं अर्धं हिरवं झालेलं खाचर बघितलं.

“आपलाच आहे,” तो म्हणाला. “पण पाणी मी पण तिथलंच पितो.” आणि त्याने हात वर केला.

ठराव पडला. ग्रामसेवकाला तसंच लिहावं लागलं, कारण काकी त्याच्या टेबलापाशीच उभी होती आणि चिखल कागदावर ठिबकत होता. पोरांनी आरोळी ठोकली. कोणी तरी म्हणालं, तारपा आणा, वाजवू, नाचू. ती खेकसली, “तारपा मग! रोप उपटलेलं पडलंय, खाचर कोण लावणार?”

दिवस मावळायच्या आत लखम्याची आवणी झाली. तसं बोंबलाचं कालवण मी नंतर खाल्लं नाही.

खाणवाले पुन्हा आले होते. दुसरी टेकडी, दुसरा साहेब. ते पण गेले. राजकारण काही सुधारलं नाही, झेंडे अजून बदलतात. पण त्या सालापासून लखमा पाळीत आहे आणि झरा चालू आहे.

काकी मागच्या थंडीत गेली. झोपेतच गेली. कोणाला काही करायला लावलं नाही, पहिल्यांदाच.

या पावसाळ्यात आम्ही माझ्या खाचरात होतो. बांधावर शिपाई आला, छत्री मिटून उभा राहिला. म्हणाला, “सरपंचांनी विचारायला पाठवलंय. ग्रामसभा घ्यायची आहे. तुमची आवणी कधी उरकते?”

काकीच्या सुनेने वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं.

“उरकली की सांगू. तोवर थांबा म्हणावं.”

शिपायाने मान डोलावली आणि परत गेला. बाकी कोणी वर बघितलंसुद्धा नाही. पुढची ओळ लागत होती.