बांधलेली पत्ती

इचलकरंजीच्या त्या शेडमधल्या जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचं, नाव विचारायचं राहूनच गेलं.

कागलच्या आमच्या कंपनीत मागांचे कंट्रोलर बनतात. त्यांच्या गाभ्यातला प्रोग्रॅम, कर्नेल, कंपाइल करताना स्टॅक प्रोटेक्शन किती कडक ठेवायचं ते निवडावं लागतं. फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, मेमरीत जिथं काम करतं त्या स्टॅकवर एक राखणदार आकडा ठेवतात. त्यावर चुकून दुसरं काही लिहिलं गेलं, की सगळं जागच्या जागी थांबतं. कडक पर्याय लावल्यापासून त्या शेडमधला एक माग सारखा थांबत होता. शेडचे मालक वैतागले होते. पर्यायच बंद करून टाकायचा, असं ठरवून मी लॅपटॉप घेऊन गेलो.

जॉबर शेजारच्या जुन्या मागावर वाकला होता. तिथं प्रत्येक धाग्यावर लोखंडी पत्ती लटकते. धागा तुटला की पत्ती पडते आणि माग थांबतो. आधीच्या पाळीतल्या कुणीतरी काही पत्त्या दोऱ्यानं बांधून टाकल्या होत्या. हा नखानं एकेक गाठ सोडत होता. धागा तुटूनही माग चालूच राहिल्यानं खाली हातभर कापडात फट पडली होती.

"सारखा थांबतोय म्हणून बांधल्यात बघा, पावणं!" तो खडखडाटात ओरडला. "माग थांबला की शिव्या मला बसत्यात. बसू देत की! पत्तीला हात लावू देत न्हाय मी."

मी लॅपटॉप न उघडताच परतलो. पर्याय कडकच ठेवला आणि आकडा कुठल्या फंक्शनमध्ये बिघडतोय ते शोधलं. ते फंक्शन मीच लिहिलं होतं.

शिव्या मला बसल्या. त्या खाताना मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडत होतो.